आवाजाने हललं की फुंकरीने?

प्रश्न असा आहे. मुलगी चौथीत आहे. ‘आवाज कंपनातून निर्माण होतो हे घरी प्रयोग करून बघा आणि वहीत लिहून आणा’ असा अभ्यास शाळेतून मिळाला. आईने काचेच्या वाडग्यावर स्वयंपाकघरातली पारदर्शक फिल्म ताणून बसवली, वर मूठभर तांदूळ टाकले आणि शेजारी मोबाइलवर गाणं लावलं. तांदूळ ढिम्म हलले नाहीत. मग त्यांनी वाडग्यापाशी तोंड नेऊन जोरात ‘आऽऽ’ केलं, तेव्हा चार दाणे सरकले. त्यावर मुलगी म्हणाली, “आई, ते तुझ्या फुंकरीने हललं.” प्रयोग कुठे बिघडला आणि आता हिला पटवायचं कसं, असं त्या विचारतात.

मी बरीच वर्षं आठ ते बारा वयाच्या मुलांचे प्रयोगवर्ग घेते. त्या अनुभवावरून आधी एवढंच सांगते, की मुलीचं म्हणणं उडवून लावू नका. तिने नेमक्या जागी बोट ठेवलंय. तोंडाने ‘आ’ काढताना आवाजाबरोबर हवाही बाहेर येते, आणि दाणे दोन्हींपैकी कशाने हलले हे तुमच्या मांडणीतून कळायला काही मार्ग नव्हता. तेव्हा तिला पटवायच्या भानगडीत पडू नका. प्रयोग तिच्या शंकेचाच करा: दाणे आवाजाने हलतात की फुंकरीने? हा प्रश्न एकदा समोर ठेवला की मुलं स्वतःच उपाय सुचवायला लागतात. कोणी म्हणतं तोंडाला रुमाल बांधू, कोणी म्हणतं मध्ये पुठ्ठा धरू. ते सगळं करू द्या. त्यात तासभर गेला तरी चालेल.

आता तांदूळ का हलले नाहीत ते बघू. त्याची कारणं तीन आहेत आणि तिन्ही तुमच्या स्वयंपाकघरातच सापडतील.

पहिलं कारण वजनाचं. ती फिल्म साधारण 10 ते 12 मायक्रॉन जाडीची असते, म्हणजे एका चौरस सेंटिमीटर फिल्मचं वजन जेमतेम एक मिलिग्रॅम. तुमचा वाडगा 15 सेंटिमीटर रुंद असेल, तर त्यावर ताणलेल्या अख्ख्या पडद्याचं वजन पाव ग्रॅमच्या आतच राहतं. तांदळाचा एक दाणा साधारण 15 ते 20 मिलिग्रॅमचा. दहा-बारा दाण्यांतच पडद्याइतकं वजन होतं. मूठभर तांदूळ म्हणजे 30-40 ग्रॅम, पडद्याच्या 150 पटींहून जास्त. एवढं ओझं अंगावर घेऊन तो बिचारा पडदा थरथरणार कसा!

दुसरं कारण ताणाचं. ही फिल्म वाडग्याच्या कडेला चिकटते खरी, पण ताण धरत नाही, दोन मिनिटांत सैल पडते. सैल पडद्याला स्वतःचा सूर नसतो. बोटाने टिचकी मारून बघा, ‘टुम्म’ असं यायला हवं. ‘फट्’ असा मेलेला आवाज आला तर पुढचं काहीच होणार नाही.

तिसरं कारण मोबाइलचं. त्यातला स्पीकर इवलासा, खालचे जाड स्वर त्यातून जवळजवळ येतच नाहीत. शिवाय गाण्यात स्वर क्षणाक्षणाला बदलतो. पडदा जोरात हलायला त्याला मानवणारा एकच स्वर काही वेळ सलग मिळावा लागतो. त्यामुळे मोबाइल बाजूला ठेवा. मुलीचा गळा त्याहून कितीतरी चांगलं काम करतो.

मी वापरते ती मांडणी सांगते. श्रीखंडाचा किंवा आइस्क्रीमचा लिटरभराचा गोल प्लास्टिकचा डबा घ्या, झाकण काढून टाका. डब्याच्या बाजूला, मध्यावर, पुठ्ठ्याची नळी घट्ट बसेल एवढं भोक पाडा. अॅल्युमिनियम फॉइल संपल्यावर आत जी नळी उरते ती उत्तम. भोक मोठ्या माणसानेच कटरने पाडायचं. नळी बोटभर आत सारून सांध्याला चिकटपट्टी गुंडाळा, फट ठेवू नका. आता मोठा फुगा एकदा पूर्ण फुगवून सोडा, म्हणजे रबर मऊ पडतं. त्याची मान कापून टाका आणि उरलेला भाग डब्याच्या तोंडावर चढवा. सुरकुती राहता कामा नये, आणि सगळीकडे ताण सारखा हवा. कडेने रबरबँड आणि चिकटपट्टी. टिचकी मारली की छोट्या डिमडीसारखा आवाज यायला हवा. कापलेले रबराचे तुकडे लगेच उचलून टाका. घरात धाकटं भावंड असेल तर ते हमखास तोंडात घालतं आणि ते घशात अडकू शकतं.

पडद्यावर टाकायला तांदळाऐवजी रांगोळी घ्या. दारात काढायची नेहमीची, दगडाची. मी मीठ, रवा, खसखस, राजगिरा सगळं वापरलेलं आहे. मीठ कोरड्या हवेत चांगलं चालतं, पण पावसाळ्यात, त्यातून मुंबई-कोकणात, ते पाणी धरतं आणि रबराला चिकटून बसतं. राजगिरा गोल असल्यामुळे घरंगळत कडेला जातो. रांगोळी कोरडी, खरखरीत, हलकी, आणि रंगीत मिळते, त्यामुळे फुग्याच्या रंगावर ती उठून दिसते. फक्त वापरायच्या आधी चहाच्या जुन्या गाळणीतून चाळून घ्या. खाली पडलेलं पीठ वेगळं ठेवा, गाळणीत राहिलेले कण प्रयोगाला घ्या. पीठ फेकू नका, त्याचं काम पुढे आहे. चिमूटभर कण वीतभर उंचीवरून भुरभुरवा, म्हणजे ढीग होत नाही. आणि डबा टेबलावर नुसता ठेवू नका, खाली चार पदरी घडी केलेला पंचा घाला. त्याचंही कारण आहे.

आता मुलीला नळीपाशी बसवा आणि आधी आवाज न करता नुसती फुंकर मारायला सांगा. हळू, लांब फुंकर. पण फुंकर मारण्याआधी तिने वहीत लिहायचं, ‘मला वाटतं असं होईल.’ हे लिहिणं टाळू नका. बघितल्यावर प्रत्येकालाच वाटतं की आपल्याला हे आधीच माहीत होतं.

फुंकर मारली की पडदा मधोमध फुगून वर येतो. रांगोळीचे कण उतारावरून कडेकडे सरकतात आणि तिथे गप्प बसतात. फुंकर थांबली की पडदा खाली. बस्स, एवढंच.

कण पुन्हा पसरा. आता ओठ नळीच्या तोंडापाशी न्या, पण नळी ओठांनी बंद करू नका, बोटभर फट राहू द्या. आणि ‘ऊऽऽऽ’ असा एकच स्वर धरा, ओरडायची गरज नाही. कण जागच्या जागी शहारल्यासारखे होतात. मग तिला तोच ‘ऊ’ अगदी सावकाश वर चढवायला सांगा, खालच्या ‘सा’पासून वरच्या ‘सा’पर्यंत, मध्ये न थांबता. कुठेतरी एका स्वरावर कण एकदम उसळायला लागतात, टणाटण उडतात, आणि आवाज तसूभर वर गेला की पुन्हा मंदावतात. आवाज वाढवलेला नसतो, फक्त स्वर बदललेला असतो. मुलं इथे आपणहून थांबतात आणि तो स्वर पुन्हा शोधायला लागतात. खाली येतात, वर जातात, सापडला की धरून ठेवतात. गाणं शिकणारं मूल असेल तर त्याला तो लगेच सापडतो.

त्या स्वराला पडद्याचा स्वतःचा सूर म्हणा. आठ-दहा वर्षांच्या मुलाच्या गळ्यात बोलताना सेकंदाला साधारण 250 ते 300 कंपनं होतात, बाईच्या गळ्यात 200 च्या आसपास, पुरुषाच्या गळ्यात 100 ते 130. पडद्याला सेकंदाला जितक्या वेळा हलायला सोपं जातं, तितक्याच वेळा आवाजाने त्याला ढकललं की हलणं वाढत जातं. पुस्तकात याला अनुनाद म्हणतात. चौथीत तो शब्द सांगितला नाही तरी काही बिघडत नाही. बाबांना, आजीला, शेजारच्या दादाला बोलवा आणि प्रत्येकाला आपापला ‘ऊ’ काढू द्या. कोणाच्या आवाजाला पडदा जास्त उडी मारतो हे बघताना घरातली सगळी माणसं गुंतून जातात.

तुमच्या मुलीची शंका अजून पुरती मिटलेली नसेल, आणि मिटू नये. ‘ऊ’ काढतानाही थोडी हवा जातेच ना, असं ती म्हणेल. मग फुंकर अजिबात नसलेला आवाज करा. तेलाचा 15 किलोचा रिकामा पत्र्याचा डबा किंवा मोठी जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, परात हातात अधांतरी धरा, नळीच्या तोंडासमोर हातभर अंतरावर, आणि लाटण्याने एकच ठोका द्या. प्रत्येक ठोक्याला कण टुणकन उडतात. इथे फुंकर नाही. आता चलाख मूल दुसरी शंका काढतं की टेबल हललं असेल. म्हणून परात हातात धरायची आणि म्हणूनच डब्याखाली पंचा. तरी संशय असेल तर नळीच्या तोंडावर जाड उशी दाबून पुन्हा तसाच ठोका द्या. उड्या कमी होतात. ठोका तोच, टेबल तेच, फक्त आवाजाची वाट अडवली. ठोका देताना कोणाचाही कान परातीजवळ नको, आणि नळीला कान लावून बसलेल्या मुलाच्या नळीत कोणी ओरडायचं नाही, हा नियम आधीच घालून द्या.

मग हवेचं काय? नळीतली हवा काहीच करत नाही का? करते, पण ती गावाला जात नाही. इथे मी मुलांना एकामागे एक उभं करते, प्रत्येकाचे हात पुढच्याच्या खांद्यावर. शेवटच्याने पुढच्याला हलका धक्का द्यायचा. धक्का सरसर पुढे जातो, पहिल्या मुलाला लागतो, पण मुलं आपापल्या जागीच असतात. घरी चार माणसं असली तरी हे करता येतं. फुंकर म्हणजे सगळी रांगच चालत पुढे गेली, आणि आवाज म्हणजे नुसता धक्का पुढे गेला. हा धक्का साध्या हवेत, 20 अंश तापमानाला, सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. तेवढ्या वेगाने खरोखरची हवा वाहिली असती तर घर जागेवर राहिलं नसतं, हे मुलांना सांगितलं की ती हसतात आणि ते लक्षात राहतं.

कण उडून कुठे जमतात तेही बघा. एखादा स्वर नीट धरता आला तर रांगोळी पडद्यावर गोल कड्यात किंवा रेषेत गोळा होते. जिथे पडदा कमी हलतो तिथे कण विसावतात. फुगा एका बाजूला जास्त ताणला गेला असेल तर नक्षी वाकडी येते, घरी बहुधा वाकडीच येते आणि तीही छान दिसते. जर्मनीच्या अर्न्स्ट क्लाड्नी यांनी धातूच्या पत्र्यावर वाळू पसरून, कडेवर व्हायोलिनचा गज ओढून अशा नक्ष्या काढल्या आणि 1787 मध्ये त्या छापल्या. आता बाजूला ठेवलेलं रांगोळीचं पीठ काढा. तेच पडद्यावर टाकून तोच स्वर धरला, तर बारीक पीठ काही वेळा उलट, सर्वात जास्त हलणाऱ्या जागी ढिगाने जमतं. मायकेल फॅरेडे यांनी 1831 मध्ये याचं कारण शोधलं: हलणाऱ्या पडद्यावर हवेचे छोटे छोटे प्रवाह तयार होतात आणि ते हलकं पीठ ओढून नेतात. जाड कणांवर त्यांचं काही चालत नाही. म्हणजे बघा, तुमच्या मुलीचा वारा शेवटी सापडलाच! पण तो आवाजानेच तयार केलेला वारा. हे तिला जरूर सांगा, तिला फार आनंद होईल.

घरात किंवा शेजारी तबला असेल तर या प्रयोगानंतर तो दाखवा. त्यावर रांगोळी टाकू नका, मधला काळा गोल म्हणजे शाई, ती खराब होते. आपल्या फुग्याच्या पडद्यावर टिचकी मारली तर ‘टुम्म’ येतं पण सूर असा ठरत नाही. साध्या गोल पडद्यात मूळ सुराबरोबर जे वरचे सूर उठतात ते त्याच्या 1.59 पट, 2.14 पट, 2.30 पट असे अडनिडे असतात, त्यामुळे कानाला गोंगाट वाटतो. तबल्याच्या मधोमध शाईचे थर बसवले की वजन वाढून हे वरचे सूर दुप्पट, तिप्पट, चौपट अशा पूर्णांकांच्या जवळ येतात. म्हणून तबला सुरात लावता येतो, ढोल नाही. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासोबत 1920 मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात यावर टिपण लिहिलं आणि 1934 मध्ये सविस्तर शोधनिबंध. त्यांनीही पुडीवर, म्हणजे तबल्याच्या चामड्याच्या पडद्यावर, बारीक वाळू पसरून नक्ष्या टिपल्या होत्या. दर 28 फेब्रुवारीला शाळांमधून विज्ञान दिन साजरा होतो तो रामन यांच्या प्रकाशावरच्या शोधासाठी, पण तबल्याचं हे काम मुलांना जास्त जवळचं वाटतं. तबलजी गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या कडेच्या विणीवर, हातोडीने ठोकून सूर चढवतो तेव्हा काय बदलतं, हे तुमची मुलगी आता स्वतः सांगू शकेल. फुगा थोडा जास्त ताणून बघितला की झालं.

एक गोष्ट मात्र या सगळ्याच्या आधी करा, दोन मिनिटं लागतात. मुलीला गळ्यावर हलकेच बोटं ठेवून ‘म्म्म’ करायला सांगा. बोटांना झिणझिण जाणवेल. मग ‘झाड’मधला ‘झ’ लांबवायचा, ‘झ्झ्झ’. झिणझिण आहे. आता ‘स्स्स’. झिणझिण गेली! तोंड जवळजवळ तसंच, जीभ तिथेच, पण गळा शांत. व्याकरणात मृदू आणि कठोर व्यंजनं शिकवतात ती हीच. कुजबुजून बोललं तरी गळा शांत राहतो. इथे हुशार मूल विचारतं, की मग ‘स’चा आवाज कंपनाशिवाय आला का? याचं उत्तर टाळू नका. ‘स’ म्हणताना दात आणि जीभ यांच्यातल्या बारीक फटीतून हवा घुसते, घुसताना तिच्यात भोवरे उठतात, आणि ती हवाच वेडीवाकडी थरथरते. बासरीतही तसंच आहे, वाजते ती आतली हवा, बांबू नाही. थरथरणारी वस्तू दर वेळी डोळ्यांना दिसेलच असं नाही, एवढं मुलांना यातून कळलं तरी पुरे आहे.

पट्टीचा प्रयोग सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. स्टीलची पट्टी टेबलाच्या कडेवर ठेवून बाहेरचं टोक छेडायचं. बहुतेक जण इथे फसतात, कारण पट्टी कडेवर आपटून टपटप आवाज येतो आणि मुलाला वाटतं हाच पट्टीचा आवाज. टेबलावरचा भाग जाडजूड पुस्तकाखाली, अगदी कडेपर्यंत, घट्ट दाबून धरा. एक मिलिमीटर जाडीची पट्टी 25 सेंटिमीटर बाहेर ठेवली तर ती सेकंदाला साधारण 13 वेळा हलते. हलणं दिसतं, ऐकू काही येत नाही, कारण माणसाचा कान सेकंदाला 20 च्या खाली जवळपास बहिरा असतो. बाहेरची लांबी निम्मी केली की कंपनं दुप्पट होत नाहीत, चौपट होतात, 50 च्या पुढे. आता ऐकू येतं, पण पट्टी नुसती धुरकट दिसते. मोबाइलमध्ये स्लो मोशन असेल तर तो इथे खरा उपयोगी पडतो. सेकंदाला 240 चित्रं घेणाऱ्या कॅमेऱ्यात 13 कंपनांची पट्टी सावकाश डुलताना दिसते.

आणि पळीचा प्रयोग करायचाच. माझ्या वर्गातला मुलांचा सगळ्यात लाडका हाच. मीटरभर सुती दोरा घ्या, मधोमध स्टीलची मोठी पळी किंवा झारा बांधा. दोऱ्याची दोन टोकं दोन तर्जन्यांना दोन-दोन वेढे देऊन गुंडाळा. ती बोटं कानांच्या तोंडाशी ठेवा, आत खुपसायची नाहीत. कमरेत थोडं वाका, म्हणजे पळी अंगाला न टेकता लोंबकळेल. आता दुसऱ्याने चमच्याने पळीवर हलका टोला द्यायचा. ज्याने टोला दिला त्याला नुसतं ‘टिंग’ ऐकू येतं. ज्याच्या कानाला दोरा आहे त्याला देवळातली मोठी घंटा ऐकू येते, खोल आणि लांबणारी. पहिल्यांदा करणारं मूल दचकून पळीकडे बघतं. पळीसारखी छोटी वस्तू तिचे जाड स्वर हवेला फारसे देऊच शकत नाही, ते तिच्यातच घुमत राहतात. दोरा ते सरळ बोटांपर्यंत आणि कानापर्यंत आणतो. मग तिसऱ्या कोणी दोरा मध्येच चिमटीत धरावा: घंटा जागच्या जागी बंद. दोरा सोडून लोकर बांधून बघा, आवाज मंद येतो. तुमच्या मुलीला इथे विचारा, की दोऱ्यातून वारा गेला का? तिचं उत्तर जसंच्या तसं वहीत लिहून घ्या.

ऊन असेल त्या दिवशी पडदा चढवलेला डबा पुन्हा बाहेर काढा आणि रांगोळी पुसून त्यावर कपड्यांवर शिवायचा टिकलीएवढा गोल आरसा दुतर्फा चिकटपट्टीने लावा. आरसा मध्यावर लावायचा नाही. मध्यावर पडदा सरळ वर-खाली होतो, आरसा कलत नाही, आणि काही दिसत नाही. कडेपासून एक तृतीयांश आत लावा. उन्हाचा कवडसा सावलीतल्या भिंतीवर पाडा आणि नळीत ‘ऊ’ काढा. कवडशाचा ठिपका रेघ होतो, रेघेचा लंबगोल होतो, स्वर बदलला की आकडे पडल्यासारखी वळणं येतात. आरशात थेट बघायचं नाही आणि कवडसा कोणाच्या डोळ्यांवर मारायचा नाही. लेझर तर मुलांच्या हातात देऊच नका, ऊन पुरेसं आहे.

यातून उत्साह उरला तर एक कोडं देऊन ठेवा. सारख्या दोन काचेच्या बाटल्या, एकीत थोडं पाणी, एकीत जास्त. चमच्याने वाजवल्या तर जास्त पाण्याचीचा सूर खाली लागतो. त्याच बाटल्यांच्या तोंडावरून फुंकर मारली तर जास्त पाण्याचीचा सूर वर जातो. असं उलट का? उत्तर सांगू नका, दोन दिवस घरात फिरू द्या. फार अडली तर एवढंच विचारा, की चमच्याने मारल्यावर कोण थरथरतंय आणि फुंकर मारल्यावर कोण. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत आणि टाकाऊ वस्तूंतून खेळणी करणारे अरविंद गुप्ता यांनी लोकांसमोर ठेवलेल्या खेळण्यांत पिपाण्या-शिट्ट्यांचे असे पुष्कळ प्रकार आहेत, त्यांच्या संकेतस्थळावर ते मराठीतूनही मोफत बघता येतात. आणि पावसाच्या सुरुवातीला परसात आंब्याची कोय उगवलेली दिसली तर ती घासून तिची पिपाणी करून द्या, आजी-आजोबांना नक्की येत असेल.

शाळेत काय न्यायचं ते शेवटी. सगळं नेऊ नका. फक्त डबा, नळी आणि रांगोळी. वर्गात मुलीला आधी फुंकर मारून दाखवू द्या, मग ‘ऊ’, मग परातीऐवजी कंपासपेटीच्या झाकणाचा किंवा रिकाम्या जेवणाच्या डब्याचा ठोका, त्याला उड्या लहान येतील पण येतील. वहीत ‘आवाज कंपनातून निर्माण होतो’ हे वाक्य पहिल्या ओळीत नको. पहिल्या ओळीत तिची शंका लिहा, तिच्याच शब्दांत, त्याखाली तिने काय काय करून बघितलं ते. फुगा आदल्या रात्री चढवून ठेवू नका, ताणलेलं रबर सकाळपर्यंत सैल पडतं. सकाळी निघताना चढवा, टिचकी मारून ‘टुम्म’ ऐका, आणि दप्तरात एक जास्तीचा फुगा आणि दोन रबरबँड टाकून द्या.